आईचं बीपी रोज वेगळं येतंय, आणि फडताळात पावसाळ्याची बेगमी

शेवंती
४ जून, रात्री ९:५०

नमस्कार. मालवणपासून आत वाडीवर आमचं घर. आई ७४ वर्षांची. बाबा गेल्यावर ती एकटीच होती, म्हणून मार्चात मी ठाण्यातली नोकरी सोडून इकडे आले. आईला बीपी आहे हे मला चार वर्षांपासून माहीत होतं, पण ती गोळी कशी घेते ते इथे राहायला आल्यावर कळलं. डोकं जड वाटलं, अंधारी आली की घ्यायची. बरं वाटलं की पट्टी परत फडताळात, मेतकुटाच्या बरणीमागे. महिन्याच्या गोळ्या तिला तीन महिने पुरतात.

विचारलं तर म्हणते, "माका काय्येक होणा नाय, मगे गोळी कित्याक खाव?"

गेल्या दोन आठवड्यांतले आकडे देते. दवाखान्यात १७८/८२. दुसऱ्या दिवशी घरी, शेजाऱ्यांच्या मशीनवर १४६/७६. परवा दवाखान्यात पुन्हा १७०/८०. काल सकाळी घरी १६४, आणि दहा मिनिटांनी १३८. यातला खरा आकडा कुठला मानायचा? गोळी टेल्मिसार्टन ४० आहे. शेजारच्या काकी सांगतात की शंभर अधिक वय एवढं बीपी चालतंच, म्हणजे आईला १७४ पर्यंत काळजी नाही. मला मात्र झोप लागत नाही. आजीला पक्षाघात झाला होता. ती सहा वर्षं अंथरुणावर होती आणि तिचं सगळं आईनेच केलं. इतकं बघूनही आई गोळी टाळते, याचं मला फार वाईट वाटतं.

कोणाच्या घरी असं होतं का? काय केलंत?

खाडीपल्याड
४ जून, रात्री ११:०५

शेवंतीताई, मी ६८ वर्षांचा, गुहागरकडचा, निवृत्त शिक्षक. चौदा वर्षं बीपीची गोळी घेतोय. तुमचे पाचही आकडे खरे असू शकतील, पण ते कसे मोजले ते आधी सांगा. दवाखान्यात जायला पाखाडी चढावी लागते का? आई जाऊन बसल्या बसल्या पट्टा बांधतात का? पाठ टेकायला काही असतं, की प्लास्टिकचं स्टूल? लुगड्यावरच्या ब्लाउजची बाही घट्ट असेल तर पट्टा तिच्यावरूनच बांधतात का?

माझंही असंच १७० यायचं. एका भल्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तेव्हापासून हे पाळतो: मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही, दुसऱ्यानेही बोलवायचं नाही. एक मिनिट थांबून पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे.

असं सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. मनगटावरचं मशीन घेऊ नका, दंडावरचं घ्या.

बांगडो
५ जून, सकाळी ७:२०

शेवंतीताय, आमच्या आवशीचा पण असाच होता. गोळी इसरा नये म्हणान आमी काय केला, पेजेचो वाडगो आणि गोळयेची डबी एकाच फळयेर ठेवली. सकाळची पेज काय ती इसारना नाय, मगे गोळी पण इसारना नाय. दोन वर्सा झाली.

आडगावचा डॉक्टर
५ जून, दुपारी ३:१५

रत्नागिरी जिल्ह्यात तेवीस वर्षं गावातच प्रॅक्टिस करतोय, त्यामुळे हे घर मला न बघताही दिसतं. तुमच्या आईंना न तपासता औषधाचा बदल सांगणार नाही. काही गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो.

"शंभर अधिक वय" हा हिशेब एकेकाळी डॉक्टरसुद्धा धरत. तो चुकीचा ठरला. वय वाढलं की मोठ्या रक्तवाहिन्या कडक होतात. माडांना पाणी घालायची नळी नवी असते तेव्हा पंपाचा धक्का ती फुगून झेलते. चार उन्हाळे गेले की ती कडक होते आणि तोच धक्का थेट पुढे जातो. म्हणून म्हातारपणी वरचा आकडा चढतो आणि खालचा तसाच राहतो, कधी उतरतोही. तुमच्या आईंचं १७८/८२ हे याचंच नमुनेदार चित्र आहे. खालचा ८२ बघून "तसं ठीक आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण या वयात पक्षाघाताशी वरच्या आकड्याचं नातं जास्त घट्ट असतं.

एवढ्या वयात उपचाराचा उपयोग काय, असंही विचारतात. २००८ साली हायव्हेट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ८० आणि त्यापुढच्या वयाचे ३,८४५ रुग्ण, वरचा आकडा १६० किंवा जास्त. अर्ध्यांना औषध दिलं, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. औषधवाल्यांमध्ये पक्षाघात तर कमी झालेच, मृत्यूही इतके कमी झाले की अभ्यास ठरल्याआधीच थांबवावा लागला. तुमची आई ७४ ची आहे. उशीर झालेला नाही.

घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर बीपी जास्त धरतात. दवाखान्यात तीच रेघ १४०/९० ला. दवाखान्यात काहींचं नुसत्या धास्तीने चढतं, म्हणून दोन रेघा वेगळ्या.

आणि कळकळीने सांगतो, "काही होत नाही" म्हणून गोळी न घेणं हेच सगळ्यात घातक. बीपीला बहुतेक वेळा लक्षण नसतंच. अंधारी येते ती बीपी चढल्यामुळे असेल असंही नाही. उठताना ते एकदम उतरल्यामुळेही येते. आईंचं बसून मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो कागद घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. रात्री लघवीला उठताना पडून खुबा मोडलेल्या आज्या मी फार पाहिल्या आहेत.

आणखी दोन प्रश्न. गुडघ्यांसाठी काय घेतात? आणि मशेरी लावतात का?

शेवंती
५ जून, रात्री १०:३०

डॉक्टर, दोन्हींचं उत्तर हो. मशेरी दिवसातून तीन वेळा. सकाळी १६४ आलं ते मशेरी लावून पडवीत आल्या आल्या मोजलेलं होतं. दहा मिनिटांनी १३८.

गुडघ्यांसाठी औषधांच्या दुकानातून "दुखण्याची गोळी" आणते. पाकिटावर डायक्लोफिनॅक लिहिलंय. तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून तीन-चार. मी कधी विचारलंच नाही.

खाडीपल्याडसर, अगदी तसंच होतं. पाखाडी चढून जायचं, स्टूल, बाहीवरून पट्टा, आणि मोजतानाच "काय काकी, जेवलात?" अशी चौकशी.

आडगावचा डॉक्टर
६ जून, दुपारी २:४०

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या शरीरात मीठपाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात. टेल्मिसार्टनसोबत त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल तर धोका आणखी वाढतो. आईंचं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं), सोडियम आणि पोटॅशियम तपासून घ्या. गुडघ्यांसाठी काय चालेल ते डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नाही. शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, भारतीय बैठकीऐवजी खुर्ची, याने पुष्कळ फरक पडतो. सर्दीच्या गोळ्यांतही नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते बीपी चढवतं. खोकल्यासाठी सतत ज्येष्ठमध चघळत असतील तर तेही थांबवा. त्याने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं. एकदम सुटणार नाही, पण सुटली पाहिजे.

आगोट
६ जून, रात्री ८:१०

अलिबागकडचा. आमच्याकडे पावसाच्या बेगमीला आगोटच म्हणतात, म्हणून हे नाव घेतलंय. मिठाचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो.

डॉक्टर "मीठ कमी करा" म्हणाले की घरातली बाई भाजीत चिमूटभर कमी घालते आणि ताटात वरून वाढायचं बंद करते. आमच्या घरी हेच झालं. वडिलांचं बीपी काही उतरेना. मग बहिणीने जून ते सप्टेंबर ते काय खातात ते लिहून काढलं. सकाळी पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा. दुपारी भाताबरोबर लोणचं, पापड, सांडगी मिरची. रात्री पुन्हा पेज आणि खारातली कैरी. भाजीतल्या चिमटीला काय अर्थ राहिला?

मासा सोडा असं मी म्हणणार नाही. आमचं पोट त्यावर आहे. पण सगळं सुकं सारखं नसतं. वलांडीवर टांगलेला बोंबील आणि वाळूवर नाहीतर जाळ्यावर वाळवलेला जवळा साधारणपणे मीठ न लावताच उन्हात सुकवतात. खारा बांगडा, खारी सुरमई मात्र मिठात मुरवलेली असते. तेव्हा पावसाळ्यात चव हवी तर बोंबील, सुकट घ्या, आणि कालवणात मीठ अगदी हात राखून. खारा बांगडा खायचाच तर तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा, पाणी दोनदा बदला, आणि वरून मीठ घालू नका. सगळं मीठ जात नाही, पण बरंच जातं. तेही महिन्यातून एखाद्या वेळी.

खाडीपल्याड
६ जून, रात्री १०:००

आगोट यांनी माझ्या मनातलं लिहिलं. मी गणिताचा मास्तर, म्हणून हिशेब मांडतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, बिस्किटं सगळं धरलेलं. दोन माणसांना दिवसाला १० ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी दोघांना शंभर दिवस पुरायला हवी. शेवंतीताई, तुमच्याकडे किती दिवस पुरते ते पिशवीवर तारीख घालून बघा. आमच्याकडे ४१ दिवस पुरली होती, आणि मे महिन्यात लोणच्या-कैऱ्यांसाठी आणलेलं खडे मीठ त्यात धरलेलंच नव्हतं! तो आकडा बघून आमची ही पहिल्यांदा गंभीर झाली. आज तीच पिशवी ८० दिवस जाते.

सोलकढीचंही सांगतो. आगळात, म्हणजे कोकमाच्या टिकवलेल्या रसात, भरपूर मीठ असतं, त्याशिवाय ते टिकत नाही. आगळाची कढी रोज वाटीभर म्हणजे मीठच पिणं झालं. रतांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) दिवसांत ताज्या फळांची करा, एरवी बिनमिठाची आमसुलं घरी वाळवून भिजवा. जिऱ्याची फोडणी, लसूण, मिरची, कोथिंबीर असली की मीठ कमी लागतं. जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते, तेवढे दिवस मात्र कुरकुर ऐकावी लागते.

रानवाटा
८ जून, सकाळी ९:३०

आमच्याकडे एक वैदू सर्पगंधेचं मूळ देतात. वडिलांचं बीपी त्याने उतरलं होतं. गोळ्यांपेक्षा आपल्या रानातलं औषध बरं, असं मला वाटतं. शेवंतीताईंना हवं असेल तर पाठवते.

आडगावचा डॉक्टर
८ जून, दुपारी ३:००

रानवाटाताई, तुमच्या मनातली माया समजते, आणि सर्पगंधेने बीपी उतरतं हे खरंच आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचे अनुभव छापले आणि जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. १९५२ साली त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. बीपीच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी ते एक. आपल्या मुळाने केलेलं हे काम मोठं आहे, त्याचा मला अभिमान वाटतो.

पण म्हणूनच सांगतो, ते नुसतं "रानातलं" नाही, जोरकस औषध आहे. मुळाच्या तुकड्यात किती रेसर्पिन आहे ते डोळ्यांना कळत नाही. जास्त झालं तर बीपी फार उतरतं, नाडी मंदावते, नाक चोंदतं, आणि माणसाचं मन खचतं. नवरा गेल्यावर एकट्या राहिलेल्या ७४ वर्षांच्या बाईला, आधीच्या गोळीवर आणखी हे देऊ नका. वडील अजूनही घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना तसं सांगा, लपवू नका.

शहाळं आणि "कमी सोडियमचं मीठ" याबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो. त्या मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. २०२१ साली चीनमधल्या ६०० गावांतल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं, म्हणजे गोष्ट चांगली आहे. पण टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या रक्तात पोटॅशियम राखून ठेवतात. मूत्रपिंडं कमजोर असतील तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रोज शहाळं पिण्यालाही हेच लागू. रिपोर्ट हातात आल्याशिवाय दोन्ही नको.

परतीची गाडी
११ जून, रात्री १२:२०

हे वाचून लिहायला बसलो. वडील तेव्हा ७१ चे. गणपतीला मुंबईहून गावी गेलो, गोळ्या मुंबईतच राहिल्या. प्रतिष्ठापनेच्या दिवशी उपास, म्हणून कोणी आठवणही केली नाही. तिसऱ्या दिवशी आरतीला उभे असताना त्यांच्या हातातली झांज पडली. तोंड एका बाजूला गेलं, शब्द जड आले. कोणी म्हणालं वारं लागलं, कोणी तेल चोळलं, देवाला गाऱ्हाणं घातलं. झोपवून ठेवलं, उठल्यावर बरं वाटेल म्हणून. मग गाडी शोधण्यात वेळ गेला. पहिल्या ठिकाणी स्कॅनची सोय नव्हती. योग्य जागी पोहोचलो तेव्हा आठ तास होऊन गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

आज ते उजव्या हाताने जेवू शकत नाहीत. त्या दिवशी घरात सतरा माणसं होती आणि एकालाही हे माहीत नव्हतं. चेहरा वाकडा, एक हात खाली पडतो, बोबडी वळते: यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. कुठल्या हॉस्पिटलात स्कॅन होतो हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. शेवंतीताई, तुमची वाडी आत आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

सिस्टरबाई
११ जून, दुपारी १:००

दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी सिंधुदुर्गातच आरोग्य केंद्रात नोकरी करून निवृत्त झाले. तुमच्या पोस्टला जोडून एवढंच की अशा वेळी जिभेखाली बीपीची गोळी फोडून घालू नका, तोंडात पाणीसुद्धा नको. गिळता येत नसेल तर श्वासनळीत जातं, आणि बीपी एकदम पाडलं तर मेंदूचं आणखी नुकसान होतं.

उपासाचं म्हणाल तर टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन या बीपीच्या गोळ्या उपाशीपोटी पाण्याबरोबर चालतात. देवाला त्याचं काही वाईट वाटत नाही, असं मी माझ्या पेशंटना सांगत आले.

शेवंतीताई, २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात आईंची नोंद करा. गोळ्या फुकट मिळतात. आणि महिन्याच्या एकदम मागून घ्या, दहा-दहा दिवसांच्या घेतल्या की पावसात माणूस दुसऱ्यांदा जात नाही.

शेवंती
२९ जून, रात्री ९:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. परतीची गाडी, तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. रात्री म्हणाली, "तुझ्या आजयेक पण तेल चोळलेला आमी." दुसऱ्या दिवसापासून गोळी पेजेबरोबर रोज.

मशीन घेतलं. सात दिवसांची सरासरी १५१/७८. उभं केल्यावर १४४, म्हणजे फार उतरत नाही. क्रिएटिनिन १.१, पोटॅशियम ४.६. डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक बंद केली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. मिठाच्या पिशवीवर तारीख घातली आहे.

शेवंती
२४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

उशिरा कळवतेय, लावणी आणि पाऊस यात दिवस गेले. जुलैत रोजच्या गोळीनंतर सरासरी १४४ पर्यंत आली. मग अम्लोडिपिन जोडली. ती सुरू केल्यावर घोट्यांना थोडी सूज आली. आई घाबरली आणि गोळी बंद करायला निघाली होती. सिस्टरबाईंनी मला निरोपातून सांगितलं की ही त्या गोळीची ओळखीची सूज आहे, स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅमऐवजी अडीचची केली, सूज उतरली. गेल्या आठवड्याची सरासरी १३२/७४, उभ्याने १२७.

मिठाची पहिली पिशवी ५८ दिवस पुरली. खारा बांगडा दोन महिन्यांत एकदाच झाला, पाण्यात ठेवून. कैरीची बरणी मी काढून टाकणार होते, पण आईने ती स्वतःच वरच्या फळीवर ठेवली, हात पोचणार नाही तिथे. मशेरी तीन वेळांवरून सकाळच्या एका वेळेवर आली आहे. ती एक सुटत नाही, त्यावरून आमचं रोज वाजतं. कोणाच्या आईची सुटली असेल तर कशी सुटली ते सांगा.

गणपतीला मुंबईहून भाऊ आणि दोन चुलते येणार आहेत, तिघांनाही बीपी आहे. "गोळये आधी बॅगेत टाका, मगे कपडे," असं आईने काल तिघांना फोन करून सांगितलं.